मोडनिंबच्या माळावरून कॅनडाशी

निवृत्त झाल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटवर आली. अकरावी-बारावीला मी तिला इंग्रजी शिकवलं होतं. तेव्हा ती शेवटच्या बाकावर बसायची आणि हजेरीला तिचं आडनाव आलं की मान खाली घालून ‘हजर’ म्हणायची. पारधी समाजातली आमच्या कॉलेजात त्या वेळी ती एकटीच होती. पुढे तिने समाजकार्याची पदवी घेतली आणि मोडनिंबच्या पलीकडे माळावर तिची वस्ती आहे, तिथल्या बायकांची एक लहानशी संस्था काढली, एवढं मला इकडून तिकडून कळलं होतं.

चहा होईपर्यंत ती इकडचं तिकडचं बोलली. मग पिशवीतून एक जाड फाइल काढून तिने माझ्यापुढे ठेवली.

“मॅडम, कॅनडातले मूळनिवासी लोक आहेत. आमच्यासारखेच गवताळ माळावरचे. एका ऑनलाइन परिषदेत ओळख झाली. त्यांना आमच्याबरोबर तीन वर्षांचं काम करायचंय. ऊन वाढलंय, पाऊस बदललाय, तर दोघांनी एकमेकांकडून काय शिकायचं, असं. पैसे देणारी संस्था तिसरीच आहे. तिचा हा अर्ज.”

“तुला इंग्रजी येतं की,” मी म्हणाले.

“येतं, पण असलं नाही येत. आणि आमच्याकडून बोलणार आत्या. ती जे बोलेल ते त्या लोकांपर्यंत नीट जायला पाहिजे. ते तुम्हीच करू शकाल.”

मला बरं वाटलं, हे कबूल करते. घरात बसून कंटाळले होते. मी हो म्हटलं.

पुढच्या आठवड्यात मी एसटीने मोडनिंबला उतरले. स्टँडवर ती स्कूटी घेऊन उभी होती. हायवे सोडून आत गेलं की दोन्ही बाजूंना ऊस, आणि ऊस संपतो तिथे एकदम उघडा माळ लागतो. त्या माळावर पस्तीस-चाळीस पत्र्याची घरं. मार्चचा महिना होता, पण सकाळी दहालाच पत्रा हाताला चटका देत होता. समाजमंदिराच्या सावलीत बायका जमल्या होत्या. मधोमध आत्या. माझ्या विद्यार्थिनीच्या वडिलांची थोरली बहीण, वय सत्तरीच्या पुढेमागे, अंगाने वाळलेल्या, नजर मात्र अशी की आपण काही विसरून तर आलो नाही ना, असं वाटावं.

अर्जातल्या मुख्य इंग्रजी शब्दाला मी घरून ‘तग धरण्याची क्षमता’ असं मराठी तयार करून नेलं होतं. ते मी त्यांना समजावून सांगितलं.

आत्या म्हणाल्या, “तग कशाला धरायचा? लई ऊन झालं की आमी उठायचो. सीना नदीकाठी जायचो. पाऊस झाला की माघारी. ह्ये पत्रं ठोकून बसल्यापासनं तग धरायची येळ आली.”

बायका हसल्या. मी वहीत लिहून घेतलं. पण मनात ते वाक्य घोळत राहिलं. आम्ही शिकलेली माणसं ज्याला ‘स्थिरावणं’ म्हणतो आणि त्यात प्रगती बघतो, त्यानेच त्यांचा उन्हाळा अवघड केला होता. पुन्हा भटकायला जावं असं त्यांतलं कुणी म्हणत नव्हतं. मुलांची शाळा होती, रेशन होतं. तरीही काहीतरी हातचं गेलं होतं.

त्या दिवशी आत्या पुष्कळ बोलल्या. पवन्या गवत कधी कापायचं, मारवेलचं गवत कुठे टिकतं, शेळ्यांना कुठला पाला कधी चालत नाही. आणि एका ओढ्यातल्या झिऱ्याविषयी. तिथे कोपरभर वाळू उकरली की पाणी झिरपून वर येतं. विहिरी आटल्या त्या दुष्काळातही तिथलं पाणी गेलं नव्हतं. कुठल्या झाडापासून किती पावलं, हेही त्यांनी सांगितलं. मी सगळं टिपलं. विद्यार्थिनी तेव्हा आत चहा करत होती.

घरी येऊन मी चार दिवसांत मसुदा लिहिला. झिऱ्यावर एक सबंध परिच्छेद, सोबत हाताने काढलेला नकाशा. मला ते सर्वांत सुंदर वाटलं होतं. विद्यार्थिनीला फोन केला, तर ती म्हणाली, “मॅडम, तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल. पाठवून द्या.” मी पाठवून दिलं. कॅनडाला दोघांना, पैसे देणाऱ्या संस्थेच्या पुण्यातल्या अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या सहायकाला.

पहिली भेट व्हिडिओवर ठरली. आमची सकाळ, त्यांची आदल्या दिवसाची संध्याकाळ. समाजमंदिरात टेबलावर लॅपटॉप ठेवला. पडद्यावर पन्नाशीतली एक बाई, राखाडी वेणी पुढे घेतलेली, मागे खिडकीत अजून उजेड. तिने आधी आपल्या आजीचं नाव सांगितलं, मग आपल्या नदीचं, मग स्वतःचं. आत्यांना ती रीत आवडली. त्यांनीही आपल्या आजीपासून सुरुवात केली. थोडा वेळ मी दोन्हीकडचं सहज फिरवत होते. मग आत्या पुढे वाकून म्हणाल्या,

“त्येनला इचारा, तुमच्याकडं पोलीस येत्यात का?”

मी थबकले. पहिलीच भेट, परदेशातली बाई, आणि हा प्रश्न. मी इंग्रजीत विचारलं की सरकारी यंत्रणेशी तुमच्या समाजाचे संबंध कसे आहेत. ती सौजन्याने कुठल्या कुठल्या खात्यांची नावं घेऊन सांगू लागली. माझ्या कोपराला कुणीतरी हात लावला. विद्यार्थिनी होती.

“मॅडम,” ती हळूच म्हणाली, “आत्यानं हे नाही विचारलं.”

मी पडद्याकडे बघून म्हणाले, “माफ करा, मी प्रश्न बदलून सांगितला. त्यांनी विचारलं होतं, तुमच्याकडे पोलीस येतात का.”

त्या बाईने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “येतात,” ती म्हणाली. “माझ्या भावाला दोनदा नेलं. आणि माझी आई लहान असताना पोरांना न्यायला आले होते, दूरच्या शाळेत घालायला. आई सहा वर्षं घरी आली नाही.”

मी मराठीत सांगितलं, या वेळी जसंच्या तसं. आत्या पडद्याकडे बघून म्हणाल्या,

“माज्या बापाला सोलापुरात तारंच्या आत ठेवलं हुतं. रोज हजेरी.”

इंग्रजांनी कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं आणि सोलापुरात काटेरी तारेच्या कुंपणात त्यांना ठेवलं होतं, हे मी त्या बाईला थोडक्यात समजावलं. शहराचा तो भाग अजूनही सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो. मी किती वर्षं रिक्षावाल्याला ‘सेटलमेंटवरून घ्या’ म्हणत आले होते. त्या शब्दाचा अर्थ मला माहीत नव्हता असं नाही. इंग्रजीची मास्तरीण मी. पण तो शब्द कधी कानात शिरलाच नव्हता.

त्या बाईने आत्यांच्या वडिलांचं नाव विचारलं. आत्यांनी सांगितलं. तिने ते हळूच म्हणून बघितलं, आत्यांनी उच्चार सुधारला.

मग ती म्हणाली, “एक गोष्ट आधीच सांगते. जे कागदावर यायला नको ते आम्हाला सांगू नका. आमच्या थोरांनी एकदा विश्वासाने सांगितलं होतं, औषधी मुळं कुठे उगवतात ते. कुणीतरी पुस्तकात छापलं. दोन उन्हाळ्यांत तिथे काही उरलं नाही.”

हे भाषांतर करत असतानाच पुढे काय विचारलं जाणार, ते मला कळलं होतं. आत्या माझ्याकडे वळल्या.

“बाई, झिऱ्याचं लिवलंय का तुमी?”

“लिहिलंय.”

“धाडलं?”

“हो. चौघांना.”

पडद्यावरच्या बाईला शब्द कळले नसतील, पण आमचे चेहरे दिसत होते. आत्या उठल्या. “मी आज फुडं बोलत न्हाय,” म्हणाल्या आणि उन्हात निघून गेल्या.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून मनातल्या मनात माझी बाजू मांडत होते. त्यांनीच सांगितलं, मी चोरून थोडंच ऐकलं. पण हेही खरं होतं, की मी विचारलं नव्हतं. गोष्ट सुंदर आहे एवढ्यावरच मी ती उचलली होती. आता तिथे कुणी बोअर मारली, कुणी कुंपण घातलं, तर वस्तीच्या शेळ्या कुठे जाणार, हा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नव्हता.

घरी पोचताच चौघांना मेल केला, तो भाग पुसून टाका म्हणून. कॅनडाहून दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. पुसलंय, कुठेही प्रत ठेवलेली नाही, आणि हे त्या आजींना तुम्ही समोर बसून सांगा, फोनवर नको. पुण्याच्या अधिकाऱ्यांचा फोन आला. स्वर सभ्य होता. “बाई, अर्जातला तोच भाग सगळ्यात दमदार आहे. काढलात तर अर्ज पडू शकतो. गावाचं नाव तेवढं झाका की.”

क्षणभर मला तो मार्ग पटला, हे लपवत नाही. मी विद्यार्थिनीला विचारलं.

“मग अर्जच नको, मॅडम,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. कॉलेजात मान खाली घालणारी ती मुलगी मला त्या फोनवर कुठे सापडेना.

मी तसं पुण्याला कळवलं आणि तिथल्या दोघांनीही शेवटी तो भाग पुसला. पंधरा दिवसांनी मी वस्तीवर गेले. आत्या शेळीच्या पिलाला बाटलीने दूध पाजत होत्या. मी समोर पोत्यावर बसले.

“चुकलं माझं, आत्या. विचारायला पाहिजे होतं.”

“व्हय, पायजे हुतं.”

“चौघांनीही पुसलंय.”

“तुमी बगितलं का पुसताना?”

“नाही.”

“मंग?”

“त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवतेय.”

आत्यांनी पिलाच्या तोंडातली बाटली काढली, पदराने पुसली. “कॅनडावालीचं मला पटतंय. बाकीचं बगू,” म्हणाल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आजवर कधी म्हणाल्या नाहीत. पण भाकरी खाऊन जा म्हणाल्या.

अर्ज आम्ही नव्याने लिहिला. या वेळी बायका सांगत होत्या आणि मी प्रत्येक वाक्य वाचून दाखवत होते. पहिलं वर्ष कुणाच्याही माहितीची नोंद करायची नाही. नुसतं एकमेकांकडे जायचं, राहायचं, बघायचं. तिकडचे थंडीत इकडे येतील, इकडचे उन्हाळ्यात तिकडे जातील. पत्र्याखाली गवताचा थर देऊन घरं गार होतात का, ते करून बघायचं, आणि त्यासाठी माळावरचं गवत कापायची रीतसर परवानगी मागायची. सांगितलेलं कुणाचं, ते कुठे ठेवायचं आणि कधी परत घ्यायचं, हे सांगणाराच ठरवेल.

ऑनलाइन बैठकीत पुण्याच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, “वर्षाच्या शेवटी हाती काय लागेल?”

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात विद्यार्थिनी इंग्रजीत बोलली. साध्या, छोट्या वाक्यांत. “आमचा एकमेकांवर विश्वास बसतो का, ते कळेल. नाही बसला तर पुढच्या दोन वर्षांचे पैसे तुमचे वाचतील.”

मंजुरी एकाच वर्षाची मिळाली. पुढचं पुढे बघू, असं पत्र आलं.

मग पासपोर्ट. आत्यांचा जन्माचा दाखला असणं शक्यच नव्हतं. माढ्याच्या तहसीलमध्ये चार चकरा झाल्या, प्रतिज्ञापत्रं झाली, जन्मवर्ष अंदाजाने ठरलं. शेवटी पोलीस पडताळणीसाठी एक हवालदार मोटरसायकलवरून वस्तीवर आला. मी त्या दिवशी तिथेच होते. खाकी दिसताच वस्ती रिकामी झाली. बाया पोरं कडेवर मारून घरांच्या मागे गेल्या, तरणी माणसं उसात शिरली. इतक्या लवकर, की मी उभीच राहिले. आत्या मात्र दारात बसून होत्या.

“पळू नका रं,” त्यांनी हाळी दिली. “मीच बोलावलंय त्येला.”

हवालदार तरुण होता, माणूस बरा होता. ओशाळल्यासारखा खाटेवर बसला, कागद बघितले, सही घेतली, चहा प्याला. जाताना “आजी, कॅनडात थंडी लई असती, स्वेटर घ्या,” म्हणाला. तो गेल्यावर अर्ध्या तासाने माणसं परत आली. बायका हातातली कामं पुन्हा घेऊन बसल्या.

जानेवारीत ती वेणीवाली बाई आणि तिचा एक वयस्कर मामा आठ दिवस वस्तीवर राहून गेले. मामा दिवसभर शेळ्यांमागे फिरायचे. आत्या त्यांना कुठे कुठे घेऊन गेल्या, ते मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

आता आत्यांचा व्हिसा यायचाय. बरोबर विद्यार्थिनी जाईल. मला वाटत होतं, दुभाषी म्हणून मलाही बोलावतील. आत्यांनी ते ओळखलं असावं. म्हणाल्या, “तुमी नगा येऊ, बाई. हिचं इंग्रजी बास हाय. तुमी कागदाचं बगा.” दोन दिवस मला लागलं ते. मग मी कागदाचं बघायला बसले.

दर तीन महिन्यांनी अहवाल जातो. मी तो इंग्रजीत लिहिते, मराठीत करून वस्तीवर वाचून दाखवते आणि त्यांनी हो म्हटल्यावरच पाठवते. गेल्या आठवड्यात आत्यांनी त्यातला एक परिच्छेद काढायला लावला, का ते सांगितलं नाही. त्याजागी दोन ओळी घालायला सांगितल्या, या वर्षी किती शेळ्या व्याल्या आणि त्यांतली किती पिलं जगली याच्या. मी घातल्या.