तपकिरीपासून रात्रीच्या गोळीपर्यंत

नांदुऱ्याला स्टेशनाजवळ एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. नागपूरहून रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी परतले आणि पुढच्या शिक्षणासाठी मुंबईला जाईपर्यंत त्यांच्याकडे औषधे बांधून देण्याचे काम केले. प्रयोगशाळेत मी पुष्कळ शिकले. परंतु माहिती मिळवण्याची सर्वांत काटेकोर पद्धत मी पाहिली ती त्या दवाखान्यात.

‘कुठले औषध चालू आहे का?’ असे बाई कधीच विचारत नसत. आमच्या भागात या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर मिळे. एका डॉक्टरपुढे दुसऱ्याचे औषध काढणे लोकांना त्याचा अपमान वाटे. म्हणून बाई म्हणत, “दिवस सांगा.” उठल्यापासून निजेपर्यंत तोंडात जे जे गेले ते क्रमाने सांगायचे, आणि संकोच नको म्हणून सुरुवात बाई स्वतःपासून करत.

महाराष्ट्र राज्य होऊन काही वर्षे झाली होती. धामणगाव बढ्याहून एक सासू आपल्या सुनेला एस.टी.ने घेऊन आली. घरी भाजीपाल्याचा मळा. सुनेला ताप होता, जुलाब थांबत नव्हते. त्या दिवसांत जुलाबावर फ्युराझोलिडोनच्या पिवळ्या गोळ्या सर्रास चालत. त्या मी पुडीत बांधायलाही घेतल्या.

“औषध-गिवषध काही घेत नाही ते,” बाईंनी विचारण्याआधीच सासूने सांगून टाकले. “तुम्ही सुई टोचा, बस.”

“मी औषधाचं विचारलंच कुठं, माय? मी तं दिवस विचारून राह्यली. पहिले माहा ऐका. उठली का तपकीर. मंग चहा. मंग अजून तपकीर.”

सासूला हसू आवरेना. “डॉक्टरीण असून तपकीर! काऊन हो बाई?”

“सुटत नाही म्हणून. आता हिचा दिवस.”

“मशेरी,” सून हळू म्हणाली. “चहा. भाकर, ठेचा. रातच्याले...” ती थांबली आणि तिने सासूकडे पाहिले.

“रातच्याले वरण,” सासू म्हणाली.

“वरण सांगाले कोणी इतकं भेते का, माय?”

सुनेने पदराची गाठ सोडली आणि गोळ्यांचे पाकीट टेबलावर ठेवले. “नागपूरची गोळी हाय. माह्यं मन कशातच लागत नव्हतं. लेकराले जवळ घ्यावंसं नाही वाटे. आता घेते.”

सासूचा चेहरा उतरला. “बाई, माह्या पोरीची सोयरीक चालू हाय, लोणारकडं. वहिनीले डोक्याची गोळी हाय, हे त्याईले समजलं तं?”

पाकिटावर इमिप्रामिन लिहिले होते. बाईंनी माझ्या हातातली पुडी काढून घेतली.

कारण त्यांनी मला नंतर सांगितले. पिवळी गोळी जंतू मारते, पण त्याबरोबर शरीरातले एक विकरही अडवते. मनाला तरतरी देणारी द्रव्ये विघटित करून आटोक्यात ठेवणे हे त्या विकराचे काम. उदासीची गोळी त्याच द्रव्यांचा प्रभाव वाढवते. दोन्ही एकत्र आल्या तर रक्तदाब भडकू शकतो, ताप चढतो, भ्रम होतो. आणि हे लगेच नव्हे, काही दिवसांनी. “म्हणजे घरी गेल्यावर,” बाई म्हणाल्या. “तेव्हा पिवळ्या गोळीवर कोणाचा संशय जाणार? सगळे म्हणतील, हिचं डोकं फिरलं.” मी विकरांवर परीक्षेत उत्तम गुण मिळवले होते. मात्र ‘हिचं डोकं फिरलं’ हा त्या अभिक्रियेचा शेवटचा टप्पा असू शकतो, हे कोणत्याही पुस्तकात मी वाचले नव्हते.

सासूला मात्र बाईंनी यातले काही सांगितले नाही. त्यांनी सल्फाच्या गोळ्या लिहून दिल्या, मीठ-साखरेचे पाणी पाजत राहायला सांगितले आणि म्हणाल्या, “नागपूरची गोळी बंद करू नका. त्या गोळीनंच तुमच्या नातवाची माय उठून उभी राह्यली. आन लोणारवाल्याईनं विचारलं तं सांगा, जुलाब लागले होते. यात खोटं काय हाय?”

“हाव, ते तं खरंच हाय,” सासू म्हणाली आणि पाकीट तिने स्वतःच सुनेच्या पदरात बांधले. मी पुष्कळ विद्वान माणसे नंतर पाहिली. एका प्रश्नात निदान आणि एका वाक्यात दिलासा देणारे त्यांत फार थोडे होते.

पुढे त्या दोघी वांग्यांची टोपली घेऊन आल्या. या खेपेस सुनेला नुसता खोकला होता, आणि अंगावर थोडे तेज आले होते. बाई तपकिरीची डबी उघडत होत्या, तोच सून आपण होऊन सांगू लागली. मशेरी, चहा, भाकर, दुपारी ताक, रात्री वरण. आणि ती थांबली.

सासूने तिला कोपराने ढोसले.

“आन रातची गोळी! ते कोण सांगन, मी?”