डोळ्यातल्या प्रथिनाचं घर

भाचीच्या प्रयोगशाळेत मंद तांबडा उजेड होता. मी सवयीने दिव्याचं बटण दाबायला गेले, तर तिने माझा हातच धरला. "मावशी, नको. हे बकरीच्या डोळ्यातलं, उजेड टिपणारं प्रथिन आहे. उजेड पडला की रंग उडतो त्याचा."

तिने काचेच्या दोन सिरिंजा तोंडाला तोंड लावून जोडल्या होत्या. एकीत ते प्रथिन, दुसरीत वितळलेला स्निग्ध पदार्थ. इकडून तिकडे ढकलता ढकलता गढूळ मिश्रण काचेसारखं नितळ झालं. "पेशीच्या स्निग्ध पडद्याबाहेर हे टिकत नाही," ती म्हणाली. "आकार पाहायचा, तर आधी त्याला घर द्यावं लागतं."

मी वाकून पाहत राहिले. माझ्या डोळ्यांत, तशाच पडद्यात बसलेली त्याची भावंडंही त्याच्याकडे पाहत होती.