बॅग हलवून बघताना

पंकज महाजन बहादरपूरचा. दहा वर्षांपासून लग्नांत डीजे वाजवतो. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा सोळा वर्षांचा होता. चुलतभावाची हळद होती आणि मशीन दुसऱ्याकडून मागून आणलेलं होतं. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी मराठी साहित्य घेऊन एम.ए. केलं. तोवर शाहपूरपासून खंडव्यापर्यंत लोक त्याला नावाने ओळखू लागले होते.

त्याच्याबद्दल लोक दोन गोष्टी सांगतात. तो दारू पित नाही. आणि आपल्या कंट्रोलरला कुणाला हात लावू देत नाही. कंट्रोलर म्हणजे दोन गोल चकत्या आणि पन्नासेक बटणांचं पसरट मशीन. आजवर ते पिकअपमध्ये जायचं, केळीच्या पॅकिंगचा फोम गुंडाळून. पंकज रस्ताभर त्याच्यावर हात ठेवून बसायचा.

यंदा मार्चमध्ये नाशिकला डीजेचा धंदा असलेल्या हर्षल शेठचा मेसेज आला. चार महिन्यांचं काम. मोठ्या लॉनवरची लग्नं. स्पीकर तिथलेच. पंकजने फक्त कंट्रोलर आणि लॅपटॉप घेऊन रेल्वेने यायचं. गुरुवारी निघायचं होतं.

सोमवारी सकाळी तो माझ्या दारात आला. हातात गोधडीत गुंडाळलेलं मशीन.

"चल भो चेतन, बॅग घ्यायची आहे."

"मला बॅगेतलं काय कळतं?"

"तू चल ना यार. एकट्याला भीती वाटते."

त्याला गाडीतल्या गर्दीची भीती वाटत होती. कुणी बॅगेवर पेटी ठेवली तर? कुणी बसलं तर? एक बटण तुटलं तरी नवीन जागी पहिल्याच दिवशी नाक कापलं जाणार. वाटेत तो हेच बोलत होता. मी हसत होतो.

शहरात सिंधीपुऱ्यात सुकलालकाकांचं दुकान आहे. पूर्वी ते तबल्याच्या खोळी शिवायचे. आता डीजेवाल्यांच्या बॅगा शिवतात.

पंकजने चाकांची बॅग उचलली. काकांनी ती काढून घेतली.

"ही मुंबईच्या मॅडमची बॅग आहे. प्लॅटफॉर्मच्या फरशीवर चाकं थरथरतात. ती थरथर कोण खाणार? तुझं मशीन."

दुसरी पाठीवरची होती. काकांनी तिच्यावर कोपर टेकवलं. झाकण आत गेलं.

"बघ. वर कुणी बसलं की बटणांचा भुगा. झाकणात पट्टी पाहिजे."

तिसऱ्या बॅगेच्या झाकणात कडक पट्टी होती. खांद्याचे पट्टे वरच संपत नव्हते, बुडाखालून फिरून आले होते. दुहेरी शिलाई. जाड दातांची चेन. पंकजने पट्टा दोन्ही हातांनी ओढला, शिलाईवर नख फिरवलं. त्याचा चेहरा खुलला.

"आता भरून हलव," काका म्हणाले. "आतून आवाज आला तर बॅग नापास. जे हलतं ते तुटतं."

पंकजने गोधडी सोडली. कंट्रोलर ठेवला. लॅपटॉप, हेडफोन, चार्जर, वायरी ठेवल्या. चेन लावली. बॅग छातीशी धरली, कान टेकवला आणि जोरात हलवली.

आतून किणकिण आली. पातळ, धातूची. चार्जरची पिन कशावर तरी आपटत होती.

"एकदम चूप," पंकज म्हणाला. "हीच घेतो."

काका हसले. "मस्करी करतो का? पुन्हा हलव."

त्याने पुन्हा हलवली. तीच किणकिण. तो आमच्याकडे बघत होता.

"नाही ना येत?"

"डीजेवाल्यालेच ऐकू नाही येत का रे?" काका म्हणाले.

पंकज हसला. जरा उशिरा.

काकांजवळ पितळी रिंगांचा एक डबा होता. गंमत म्हणून त्यांनी तो उचलला आणि पंकजच्या डोक्यामागे नेऊन खळखळ वाजवला. पंकज वळला नाही. पट्ट्याची लांबी कमी करत राहिला. काकांनी डबा आणखी जवळ नेला. वाजवला. मग तो हळूच खाली ठेवला. त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं होतं.



गेलं वर्ष माझ्यासमोर उभं राहिलं. तो फोन उचलायचा नाही, मेसेज कर म्हणायचा. गाण्यातले बारीक आवाज कानाला टोचतात, अशी तक्रार लोक करू लागले होते. पंकज म्हणायचा, लोकांना समजत नाही. त्याच्या आईने, अलकामावशीने, एकदा तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद कर म्हणून सांगितलं होतं. तो शेजारीच बसला होता. डाळ जळून कोळसा झाली. हे सगळं मला माहीत होतं. मी त्यावर विनोद केले होते.

"पंकज, बॅगेतून आवाज येतोय," मी म्हणालो.

"कसला?"

"मोठा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. काकांनी मान खाली घातली. पंकजने बॅग परत कानाशी लावली. हलवली. थांबला. डोळे मिटून हलवली. किणकिण किणकिण. दुकानासमोरून जाणारा एक माणूस वळून बघायला लागला.

"बस कर," मी त्याचा हात धरला.

बाहेर पायरीवर आम्ही बसलो. बॅग त्याच्या मांडीवर होती.

"तो रातकिडा तुला ऐकू येतो ना रे?" त्याने विचारलं.

"कोणता रातकिडा?"

"कानातला. सगळीकडे शांत झालं की येतो तो."

मी नाही म्हणालो.

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"मला वाटलं, सगळ्यांनाच येतो."

मी उठून उभा राहिलो. मी म्हणालो, "डॉक्टरकडे चल."

"नाशिकहून आल्यावर जाऊ."

"आत्ता."

"चार महिन्यांनी काय फरक पडतो?"

"मला माहीत नाही. म्हणूनच चल."

शनवारा भागात कानाच्या डॉक्टरीणबाई बसतात. त्यांनी त्याला काचेच्या खोलीत बसवलं. कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी काचेबाहेर उभा होतो. सुरुवातीला पंकज पटापट दाबत होता. ते जाड आवाज होते. मग बाई आवाज एक एक पट्टी वर नेत गेल्या. त्याचा अंगठा थांबला. बाई चकती फिरवत होत्या, कागदावर खुणा करत होत्या, परत फिरवत होत्या. पंकज समोर बघत होता. पुढचा आवाज आता येईल म्हणून वाट बघत होता. हेडफोन घालून बसलेला पंकज मी हजार वेळा पाहिला आहे. असा कधी पाहिला नव्हता.

तो बाहेर आला. बाई मास्कमधून, बारीक आवाजात बोलल्या. मग पुढच्या पेशंटकडे वळल्या.

पंकजने मला विचारलं, "काय म्हणल्या?"

बाकावर सात-आठ माणसं होती. मला मोठ्याने सांगावं लागलं. दोन्ही कानांचे बारीक आवाज गेलेत. ते परत यायचे नाहीत. उरलंय ते टिकवायचं तर डीजेपासून लांब राहा. नाही तर माणसांचं बोलणंही जाईल.

"माणसांचं?"

"हो."

"आईचं पण?"

अलकामावशीचा आवाज पातळ आहे. मी मान हलवली. ती हो होती की नाही, मलाही कळलं नाही.

 मग खिशातून फोन काढून त्याने माझ्या हातात दिला.

"हर्षल शेठला लाव. मला फोनवर कळत नाही. सांग, गुरुवारी येत नाही."

"का म्हणून विचारलं तर?"

"खरं सांग."

मी फोन लावला. खरं सांगितलं. बाकावरची माणसं ऐकत होती.  हर्षल शेठ म्हणाले, "अरे बापरे. मग ते मशीन विकणार का तो? माझ्या नवीन पोराला लागेल."

मी फोन ठेवला.

"काय म्हणाले?" पंकजने विचारलं.

"तब्येतीला जप म्हणाले."

त्याने मान डोलावली. "चांगला माणूस आहे," तो म्हणाला.

मी जे सांगेन ते तो खरं मानणार होता. त्या बाकावर, भर दुपारी, मला त्या विश्वासाची फार भीती वाटली.