हरवलेला आउटस्विंग

त्या हिवाळ्यात माझा चेंडू हवेत बाहेर वळायचा थांबला. लातूरच्या मैदानावर सकाळी दव असायचं, चेंडू नवा असायचा, तरी तो सरळ जाऊन बॅटवर आदळायचा. वर्गात बसले तरी बोटं आपोआप हवेतच चेंडूची शिवण धरायची. आई म्हणायची, "पोरी, जेवताना तरी हात जाग्यावर ठेव."

शेवटी एका रविवारी एसटीनं नांदेडला ताईकडे गेले. ताई फिजिओथेरपिस्ट. तिनं मला कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर बॉलिंग करायला लावली, मोबाईलवर शूटिंग केलं आणि पायरीवर बसून ते अगदी संथ गतीनं दाखवलं.

"हे बघ. चेंडू सुटताना मनगट त्याच्या मागं पाहिजे, तर शिवण उभी राहते. तुझं बाजूला पडून राहिलंय. शिवण डगमगती."

"मग मनगट सरळ ठेवते की."

"नुसतं ठेवून न्हाई भागणार. वर बघ. डावा हात लवकर खाली येतोय, त्याच्यामागं खांदा, खांद्यामागं सगळं अंग डावीकडं. मनगट बिचारं काय करील?" तिनं व्हिडिओ थांबवला. "पाठ दुखते का अजून?"

पावसाळ्यात दुखली होती. आता अजिबात दुखत नव्हती.

"दुखणं गेलं, पण अंग अजून भिऊन राहिलंय," ताई म्हणाली. "त्याला विश्वास बसू दे. घाई करू नको."

घाई न करणं मला जमेना. तिनं दिलेले पाठीचे व्यायाम करायचे, मग धाव न घेता, उभ्यानंच चेंडू टाकायचा, डावा हात वर ताणून. लातूरच्या मैदानावर संघातल्या बाकीच्या मुली लांबून धावत येऊन टाकायच्या, आणि मी खांबासारखी एका जागी. रोज वाटायचं, आज पळावं. एकदा पळालेही. चेंडू सरळ गेला. रागानं पाणी न पिताच घरी आले.

थंडी ओसरताना, मी पुन्हा धावत येऊन टाकू लागल्यावर, देगलूरच्या संघाशी सामना झाला. पहिले दोन चेंडू वाईड गेले. कॅप्टन कमरेवर हात ठेवून बघत होती. तिसरा सुटला तेव्हा शिवण स्लिपकडं तोंड करून ताठ जाताना मला दिसली. चेंडू मधल्या यष्टीच्या रोखानं गेला आणि शेवटच्या क्षणी बाहेर सरकला. बॅटची कड लागली. स्लिपमधल्या मुलीनं सोपा झेल सोडला.

"सॉरी गं!" ती ओरडली.

"असू दे," मी म्हटलं. "चेंडू दे लवकर!"