गळका ट्रॅक्टर आन माझं नख

वारंगा फाट्यावर गॅरेज टाकून मला अठरा वर्षं झाली. गॅरेजच्या फरशीवर तेलाचे डाग साचतात, तसे किस्से बी साचत जातात. फरक एवढाच, की डाग गिऱ्हाइकाच्या गाडीचे असतात आन किस्से माझ्या बावळटपणाचे. टपरीवर दुसऱ्या कुणी सांगायच्या आत मीच सांगून टाकतो, तेवढीच इज्जत राहते.

माझं खास काम म्हंजे इंजिनाची तेलगळती थांबवणं. आन खास दुखणं म्हंजे सासरे. आखाडा बाळापूरचे. त्यांचा ट्रॅक्टर पुढून तेल गाळायचा, पण दुरुस्तीला ते थेट नांदेडला न्यायचे. माझ्या गॅरेजसमोरून, मान न वळवता. गिऱ्हाईक तोंडावर विचारायचं, "मिस्त्री, सासराच येत न्हाई तुमच्याकडं, मंग आमी काहून यावं?" मी पाना पुसत बसायचो. लई लागायचं मनाला.

*

सुरुवातीला मला वाटायचं, तेल गळलं की ऑइल सील, म्हंजे शाफ्टभोवतीचं रबरी कडं, बदलायचं, झालं काम. एका हळदवाल्याच्या ट्रॅक्टरचं सील मी महिन्यात तीनदा बदललं. तिसऱ्यांदा तो म्हणला, "चौथं मीच बसवतो मिस्त्री, तुमचं बघून बघून शिकलो आता."

शेजारी रहीमचाचांचं लेथ मशीन आहे. त्यांना बोलावलं. क्रँकशाफ्टवर, म्हंजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर, जिथं सील घासतं, तिथं त्यांनी नख फिरवलं. नख अडकलं. "देख, रबर घासून घासून लोखंडाला चरी पडली. तेल चरीतून येऊन राहिलं. नवीन सील बिचारं काय करणार? आता तू फिरव."

मी बोट फिरवलं. मला काहीच लागलं न्हाई. चाचांनी माझा हात धरून उलटा केला. टेन्शन आलं की नखं खायची सवय आहे मला, लहानपणापासून. दहाच्या दहा बोटं बोडकी.

"या अल्ला," चाचा म्हणले, "मिस्त्रीनं तं मीटरच खाल्ला!"

*

मग चरी घालवायला मी शाफ्टला पॉलिश पेपर मारला. गिऱ्हाईक बघत होतं, म्हणून जरा जोरात, तिरपा तिरपा मारला. शाफ्ट असा चमकला की त्यात भांग पाडावा. इंजिन चालू केलं, तं आधी थेंब थेंब येणारं तेल धारेनं आलं.

चाचा वाकून बघत म्हणले, "तिरपे ओरखडे स्क्रूच्या आट्यासारखे झाले. शाफ्ट फिरतो तसं तेल भाईर ढकलतो. तुला गळती बंद करायला सांगितली व्हती, पंप बसवायला न्हाई."

*

शेवटी चाचांनीच बराबर इलाज दाखवला. कागदावाणी पातळ स्टीलची स्लीव्ह मिळते. ती घासलेल्या जागेवर बांगडीसारखी चढवायची, सीलला नवी कोरी जागा मिळते. नळीचा तुकडा टेकवून चारी बाजूंनी सारखी, हळूहळू ठोकायची. मी पहिली स्लीव्ह थेट हातोडीनं ठोकली. वाकली. दुसरी चिरली.

बायको, सुनिता, डबा घेऊन आली होती. थोडा वेळ बघत राहिली आन म्हणली, "अहो, कासार बांगडी भरताना हातोडी घेत न्हाई."

तिसरी बसली. डबा मात्र मी तिच्याकडं न बघता खाल्ला.

*

एक मेंढपाळ पिकअप घेऊन आला, मागं सात-आठ बकऱ्या. "खालून तेल गळून राहिलं मिस्त्री." आता मी स्लीव्हवाला झालो होतो. अर्धा दिवस घालून इंजिनाचं पुढचं सगळं खोललं. शाफ्ट चांगला, सील चांगलं. मग वर नजर गेली. जिथून इंजिनात तेल भरतात, तिथं बूच न्हवतं, चिंधी कोंबलेली होती. तेल वरून ओघळून खाली येत होतं.

"बूच कुठाय?"

"ते परवाच हरवलं," तो बकरीला पाला देत म्हणला. "तुमी इचारलंच न्हाई."

*

माझं नख खाणं बंद व्हावं म्हणून सुनितानं माझ्या उजव्या करंगळीला लाल नेलपॉलिश लावायला सुरुवात केली. लोक हसले, पण नख वाढलं. आन यंदा हळद काढायच्या ऐन हंगामात सासऱ्यांचा नांदेडचा मिस्त्री लग्नाला गेला. फोन मला न्हाई, त्यांच्या लेकीला आला. "तुझा नवरा मोकळा असंल तं पाठव."

सासऱ्यांच्या वाड्यात सगळी भावकी बसलेली. मी पुढचं खोलून क्रँकपाशी पोचलो आन करंगळी फिरवली. नख अडकलं. काय आनंद झाला म्हणून सांगू.

"हे लाल काय हाये?" सासऱ्यांनी विचारलं.

"मीटर आहे, मामा."

नळी टेकवून, कासार आठवत, स्लीव्ह चढवली. नवं सील बसवलं. सासऱ्यांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली, इंजिनाच्या पुढच्या टोकाखाली पसरली आन वर खडा ठेवला. "हळद पॉलिश करायचा ढोल दिवसभर चालवतो ह्याच्यावर. टोपीला तेलाचा डाग पडला, तं पुन्हा माझ्या ट्रॅक्टरला हात लावायचा न्हाई, जावईबापू."

मी ओट्यावर बसलो. ढोल फिरत राहिला. सकाळची दुपार झाली, दुपारची संध्याकाळ. उठून बघायची हिंमत होईना.

दिवस मावळताना ढोल थांबला. सासऱ्यांनी खडा बाजूला केला, टोपी उचलली, उजेडाकडं धरली. हळदीच्या धुळीनं पिवळीजर्द झाली होती. उलटीसुलटी करून बघितली, झटकली आन डोक्यावर घातली.

"मागचं सील बी गळतंय," ते म्हणले. "हळद उरकली की गॅरेजवर आणतो तुमच्या. चला, जेवायला." दोन पावलं गेले, मागं वळले आन माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

"आधी मिशी झटका. मीटरचे लाल टवके अडकलेत."