ओला अंगठा

छापखान्यात त्याच्यासारखा कागद उचलणारा दुसरा नव्हता. अंगठा जिभेला लावायचा, गठ्ठ्याच्या कोपऱ्यावर टेकवायचा, की पिकलं पान गळावं तसा एकच ताव अलगद सुटून हातात येई. दोन कधी चिकटून आले नाहीत. याचा त्याला भारी तोरा.

संध्याकाळी छापलेले ताव घरी येत. तो एकेक उचलून देई, समोर बसलेली बायको घड्या घाली. तिचाही अंगठा जिभेवर, सवय त्याचीच. एकदा तिने वाटीत ओला स्पंज आणून ठेवला.

"अहो, दोघांची थुंकी त्या पानांवर. लोकांनी वाचायची ती."

"लोक वाचतात, चाटत नाहीत! कचेरीतल्या बाबूंची थेरं घरात नकोत."

तिने स्पंज खणात टाकला.

मग तापाची साथ आली. लेक इस्पितळात परिचारिका. तिने बजावलं, "बाबा, अंग कसकसतंय ना? तोंड बांधा आणि वेगळ्या खोलीत पडून राहा."

"तोंड बांधलं तर अंगठा कुठे ओला करू? पुस्तक उद्या जायचंय."

घसा खवखवत होता, डोळे लाल झाले होते. तरी अंगठा जिभेवरून तावावर, ताव बायकोच्या हातात, तिचा अंगठा तावावरून जिभेवर. पुस्तक वेळेवर गेलं.

त्याचा ताप उतरला आणि तिचा चढला. इस्पितळाच्या बाकावर त्याने लेकीला विचारलं, "हा विषाणू करतो तरी काय?"

"त्याला स्वतःचं यंत्र नाही, बाबा. नुसता मजकूर घेऊन फिरतो. पेशीच्या दाराला त्याची किल्ली लागली की आत शिरतो आणि तिच्याच यंत्रावर स्वतःच्या प्रती काढत सुटतो. यंत्र मोडेपर्यंत."

"आपल्याच शाईने?"

"शाई, कागद, सगळं आपलंच."

"आणि अंग काय झोपा काढतं?"

"लढतं की. तुमच्या अंगाने त्याला वेळेत आवरलं. आईचंही लढतंय, पण तिच्या अंगाला थांबायचं कळेना. त्या मारामारीत तिची फुप्फुसंच सुजलीत."

"वाचेल ना गं?"

लेक उठून आत गेली.

ती वाचली नाही.

पुढे लेकीने त्याचं रक्त तपासून घेतलं. म्हणाली, "तुमच्या अंगाने त्या विषाणूची ओळख धरून ठेवलीय. परत आला तर काही काळ तरी दारातच अडवेल."

"अंग शहाणं माझं," तो म्हणाला. "शहाणा व्हायचा मीच तेवढा राहिलो."

पुन्हा ताव घरी आले. अंगठा सवयीने तोंडाशी गेला आणि तिथेच थांबला. त्याने खण उघडला. स्पंज वाळून दगड झाला होता. पाण्यात टाकला तर वरच तरंगू लागला. त्याने तो बोटाने दाबून धरला. हळूहळू पाणी आत गेलं. मग अंगठा त्यावर टेकवून त्याने पहिला ताव उचलला.

दोन चिकटून आले. आणि त्याला हसायला समोर कोणी नव्हतं.