पंचफुलाबाईची मधातच तुटणारी गोठ

आमची पंचफुलाबाई म्हंजे माही मोठी जाऊ. तिच्या तोंडाले लागाची बार्शीटाकळीच्या बजारात कोणाची छाती नाई. कोणी सांबाराची, म्हंजे कोथिंबिरीची, जुडी उचलून "लयच बारीक बांधली वं" म्हणलं, का ती म्हणते, "मंग माह्याएवढी जाड बांधू काय?" गिऱ्हाईक हासते अन् जुडी पिशवीत टाकते. म्या तिच्यासंगं सारी जिंदगी काढली. एका वावरात निंदलं, एका ओट्यावर भाजी निवडली अन् रोज भांडलो. अशी बाई एक दिवस माह्या दारात येऊन बसते अन् हळूच म्हणते, "बेबी, मी बह्याड होऊन रायली वाटते, डोकंच फिरलं माह्यं."

मले आधी हासू आलं. मंग तिचं तोंड पायलं अन् म्या हातातलं सूप खाली ठेवलं.

आता हे समजाले तिची नात सांगा लागन. बाईचा पोरगा देवानंद अन् सून मंजुषा अमरावतीले, राजापेठेत रायतात. दोघंही दिवसभर दुकानात कामाले. म्हणून पोट्टी, आचल, लहानपणापासून आजीजवळ. शाळा इथंच, दोस्तिणी इथंच. बजाराच्या आदल्या दिवशी सांजीले आजी-नात अंगणात मेथी-सांबाराच्या जुड्या बांधत बसतात अन् बाई गोठ सांगते. गोठीचा बाईचा कायदा कडक हाये. आयकणाऱ्यानं प्रत्येक वाक्यामांगं हुंकार द्याचा. 'हूं' म्हणलं तं पुढं, नाई तं गोठ तिथंच बंद. "भितीले गोठ सांगू काय मी?" म्हणते.

तं पावसाळा सरता सरता हा हुंकार तुटाले लागला.

बाई सांगे, "बोरीखाली एक म्हातारी राये." आचल म्हणे, "हूं." "तिची कढीची पळी कावळ्यानं पळवली." "हूं." "कावळा इहिरीवर बसला." काईच नाई. जुडी बांधाच्या नादात बाई तशीच पुढं सांगे. "अन् त्याच्या चोचीतून पळी पडली पाण्यात." काईच नाई. मंग एकदम, "हूं." अन् शेवटी पोट्टी भांडाले तयार! "आजी, पळी तं कावळ्याजवळ होती. इहिरीत कशी गेली? तू मधातलं सोडलं!"

"म्या नाई सोडलं."

"सोडलं! तू रोजच सोडतं!"

मी तिथंच बसून होती. पण माह्ये डोळे मेथीत, अन् ही गोठ आयकून आयकून माह्ये कान किटलेले. बाईनं इहिरीचं सांगतलं का नाई, हे खरंच मले सांगता आलं नसतं. पण आचल खोटं बोलत नाई, हे साऱ्या गल्लीले माहीत. मंग चुकलं कोण? म्हातारीच ना! "साठी बुद्धी नाठी" असं म्या हासत हासत म्हणलं. बाई हासली नाई.

त्या दिवसापासून बाई सोताचीच चौकशी कराले लागली. चुलीवर दूध ठेवलं का इचारे. मले म्हणे, "बेबी, म्या आता काय म्हणलं?" मी सांगो. "मंग हेच म्हणलं ना म्या?" हावो बाई, हेच! मले तिचा राग येये अन् कीवही येये.

तिकडं शाळेतून निरोप आला. मॅडम म्हणे, आचलचं ध्यान नसते. श्रुतलेखनात मधातले शब्दच गाळते, हाक मारली तं पायतच रायते. कोणी म्हणलं, तिचे कान तपासून पाय. बाईनं मांगून हळूच चॉकलेटचा कागद वाजवला तं पोट्टी गर्रकन फिरली. कान तं घुशीसारखे तेज! कोणी म्हणलं नजर लागली, तं बाईनं मीठ-मिरच्या ओवाळल्या. मी म्हणलं, मस्तीले आली पोट्टी. चुलीत फुंकणी घालून फुकता फुकता मधातच थांबे, डोळे वर, पापण्या लुकलुक. मले वाटे धूर गेला. बाई म्हणे, धूर नाई, कामाचा कटाळा. एकाचं एक, दुसऱ्याचं दुसरं, अन् खरं काय ते कोणालेच कळेना.

देवानंद आला अन् त्यानं एका दमात निकाल लावला. "माय, तुले आठवत नाई अन् पोट्टी तुह्यासंगं राहून तशीच होऊन रायली. दिवाळीनंतर मी तिले अमरावतीले नेतो. घराच्या खालीच क्लास हाये."

बाईनं न भांडता त्याच्या आंघोळीचं पाणी काढलं. हे मी पयल्यांदा पायलं. तो आंघोळीले गेला तशी ती माह्याकडं आली अन् ओक्साबोक्शी रडली. "पोट्टी गेली तं मी बोलू कोणासंगं वं बेबी? अन् मी खरंच बह्याड असन तं तिले ठेवू तरी कशी?"

पोट्टीले न्याच्या आधी मायले एकदा अकोल्याच्या डॉक्टरले दाखवू, असं ठरलं. बाई, देवानंद, मी, अन् आचल. आचलले काहून नेलं? अवं, आजी काय काय सोडते हे तिलेच ठाऊक! साक्षीदार म्हणून नेली बाप्पा!

डॉक्टर तरणा होता, पण सबुरीचा. त्यानं बाईले वार इचारला, गाव इचारलं, मंग म्हणे, "सकाळी काय खाल्लंत आजी?"

"कळण्याची भाकर अन् ठेचा. तुमी काय खाल्लं? तोंड सुकलं तुमचं."

डॉक्टर हासला. तीन चिजा सांगतल्या, मंग गप्पा केल्या अन् पुन्हा इचारल्या. बाईनं धडाधडा सांगतल्या. तो देवानंदले म्हणे, "यांची आठवण तर माझ्यापेक्षा चांगली आहे. विसरतात असं म्हणतं कोण?"

आमी साऱ्यायनं आचलकडं पायलं. पोट्टी ओढणीचं टोक पिळत म्हणे, "विसरत नाई ती. मधातलं सोडते. रोज येगळं सोडते."

"मग आजी, ती गोष्ट इथे सांगा बरं."

"इथं? दिवसाढवळ्या?" बाई खुर्चीतून उठलीच. "दिवसा गोठ सांगतली तं मामा वाट चुकते! अन् हिचा मामा तं खराच ट्रक चालवते!"

"माय, सांग ना वं!" देवानंद वरडला.

बाईनं सांगाले घेतलं. म्हातारी, हूं. कढी, हूं. कावळा, हूं. अन् हुंकार तुटला. आमी दोघंबी बाईच्या तोंडाकडं पायत होतो, का आता ही कुठं चुकते. डॉक्टर एकटा आचलकडं पायत होता. त्यानं हात वर केला, बाईले म्हणे, बोलत राहा. मंग "आचल!" म्हणून हाक मारली. पोट्टी तशीच. डोळे उघडे, पापण्या लुकलुक, ओढणीवरचे हात थांबलेले. डोळ्यापुढून त्याचा हात गेला तरी काई नाई. अन् लगेच, जसं काई झालंच नाई तसं, "हूं."

"आजीनं आत्ता काय सांगितलं?"

"काईच नाई. सोडलं तिनं."

मंग त्यानं कागदाची एक पट्टी तिच्यापुढं धरली अन् म्हणे, लांब श्वास घेऊन फुंक, फुंकतच राहा. पोट्टी फुकत रायली, अन् फुकता फुकता पुन्हा थांबली. बाई वरडली, "अवं माय! हे तं चुलीपाशीचं!"

डॉक्टर म्हणे, हा बहुतेक एक प्रकारचा झटका आहे, लहान मुलांना येतो, मुलांच्या डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. देवानंद चिडलाच. "झटका? कायचा झटका? हातपाय वाकडे नाई, तोंडाले फेस नाई, पडली नाई!"

"हा झटका पाडत नाही. थोडा वेळ थांबवतो फक्त. लाईन जाते अन् येते तसं. म्हणून लोकांना वाटतं, मुलगी लक्ष देत नाही."

दुसऱ्या डॉक्टरनं तिच्या डोक्याले तारा लावल्या, पट्टी काढली अन् तेच सांगतलं. औषध लिवून देलं, एक बी खुराक चुकवाचा नाई. इहिरीवर, रस्त्यावर एकटी सोडाची नाई. मोठी झाल्यावर पुष्कळ लेकरायचं हे जाते म्हणे. माह्यं डोकं गरगर फिरून रायलं होतं. झटका, पण झटका नाई. जागी, पण जागी नाई. हे कसं बाप्पा? मले आजही पुरतं उमगलं नाई.

परत येतानी बशीत आचल आजीले चिकटून बसली. मंग म्हणे, "आजी, म्हंजे तू सारं सांगत होती?"

"हाव बाई."

"मंग तवा मी कुठं होती?"

बाईनं तिचं डोकं पोटाशी धरलं. देवानंद पुढच्या सीटवर मान खाली घालून बसला होता.

पण त्यानं आपला हेका सोडला नाई. दिवाळी झाली अन् तो हजर. म्हणे, अमरावतीत डॉक्टर जवळ, औषध मीच देईन, तुह्याजवळ एखाद्या दिवशी चुकलं तं? तोवर बाईनं एक बी खुराक चुकवला नव्हता, देवापुढचा दिवा विसरन पण गोळी नाई. पण ती वाद घालेना. मीच भांडली त्याच्यासंगं, "अरे, तिचा हुंकार तुटला हे अमरावतीत कोण आयकन रे? तुमी दोघं दुकानात!" तो म्हणे, "काकू, तुमी मधात पडू नोका." आचलचे कपडे भरलेली पिशवी त्याच्या पायापाशी, सकायची बस.

दुसऱ्या दिवशी बजार होता. म्हणून त्याच सांजीले आमी जुड्या बांधाले बसलोच. आचल म्हणे, "आजी, बोरीखालच्या म्हातारीची सांग." बाईनं घेतलं सांगाले. म्हातारी, हूं. कढी, हूं. पळी, हूं. "कावळा इहिरीवर बसला." माह्ये हात थांबले.

"हूं."

"अन् त्याच्या चोचीतून पळी पडली पाण्यात."

"हूं! अस्सं हाये काय ते! म्हणून पळी इहिरीत गेली!"

बाईची गोठ थांबली. सांबार मांडीवर तसाच, डोळ्याले धार. तिनं पदर तोंडावर घेतला.

"आजी, आता तू काहून थांबली? मी इथंच हाये ना. हूं म्हणलं ना मी."

बाईनं तोंडावरचा पदर काढला नाई. तवा मांगून देवानंदचा भरलेला आवाज आला, "हूं. सांग माय, पुढं सांग." अन् त्यानं पायापाशीची ती पिशवी उचलून घरात नेऊन ठेवली.